घरातला मोठा सबवूफर आणि विजेची लाइन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे घरच्या थिएटरसाठी ५०० ते २००० वॉटचा, अँप्लिफायर अंगातच असलेला सबवूफर घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या वाचकांसाठी आहेत. सगळे हिशोब भारतातील २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या सिंगल फेज पुरवठ्याला धरून केले आहेत.

सबवूफरच्या खोक्यावर १००० वॉट लिहिले आहे. तो चालू असताना लाइनवर सतत १००० वॉटचा भार पडतो का?

नाही. अँप्लिफायर स्पीकरला जास्तीत जास्त किती शक्ती देऊ शकतो, एवढेच तो आकडा सांगतो. भिंतीतून किती वीज ओढली जाते, हे त्यावरून थेट कळत नाही. गीझर चालू केला की तो पाणी तापेपर्यंत एकसारखा प्रवाह घेतो. सबवूफरचे तसे नसते: पडद्यावर स्फोट होतो तेव्हा त्याला क्षणभर पूर्ण ताकद लागते आणि पुढची दहा मिनिटे दोन पात्रे नुसती बोलत असतील, तर जवळजवळ काहीच लागत नाही. म्हणूनच अनेक उत्पादक मागच्या पट्टीवर वीजवापराचा जो आकडा छापतात, तो कमाल शक्तीच्या एक अष्टमांश शक्तीवर अँप्लिफायर चालवून मोजलेला असतो.

दोन्ही टोकांचा हिशोब करून पाहू. अँप्लिफायर क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारचा आहे आणि त्याची कार्यक्षमता ८५ टक्के आहे असे धरले, तर १००० वॉट बाहेर देताना तो सुमारे ११८० वॉट आत घेईल. पॉवर फॅक्टर, म्हणजे लाइनवर पडणाऱ्या भारापैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा, सुधारणारे सर्किट नसलेल्या साध्या पॉवर सप्लायचा पॉवर फॅक्टर ०.६५ च्या आसपास असतो. त्यामुळे लाइनवरचा भार सुमारे १८०० व्होल्ट-अँपिअर (व्होल्ट गुणिले अँपिअर), म्हणजे ८ अँपिअरच्या जवळ जाईल. हे झाले कमाल टोक, आणि ते सेकंद-दोन सेकंदच टिकते. सरासरी म्हणून एक अष्टमांश, म्हणजे १२५ वॉट धरले, तर कमी शक्तीवर घटणारी कार्यक्षमता जमेस धरूनही प्रवाह सव्वा ते दीड अँपिअरच्या पुढे जात नाही. सलग घुमणाऱ्या बासचे इलेक्ट्रॉनिक संगीत मोठ्या आवाजात तासन् तास लावणाऱ्यांनी सरासरी एक तृतीयांश धरावी. तेव्हाही आकडा ३ अँपिअरच्या आतच राहतो.

थोडक्यात, चांगल्या स्थितीतल्या लाइनला सबवूफर जड नाही. लाइन चांगल्या स्थितीत आहे की नाही, हा मात्र वेगळा प्रश्न आहे आणि पुढची बरीचशी उत्तरे त्याच्याविषयी आहेत.

आरएमएस, पीक आणि पीएमपीओ यांपैकी कोणता आकडा हिशोबात धरावा?

आरएमएस, म्हणजे अँप्लिफायर सतत देऊ शकेल ती शक्ती. पीक, म्हणजे क्षणिक कमाल शक्तीचा आकडा सहसा त्याच्या दुप्पट असतो आणि पीएमपीओ हा आकडा नसून जाहिरात आहे.

परदेशी तज्ज्ञ मोठ्या सबवूफरसाठी २० अँपिअरची स्वतंत्र लाइन हवीच असे सांगतात. आपल्याकडेही ती हवी का?

तो सल्ला बहुधा अमेरिकेतला असतो आणि तिथे तो योग्यच आहे. अमेरिकेतील घरांत साध्या सॉकेटला १२० व्होल्ट मिळतात आणि नेहमीचे सर्किट १५ अँपिअरचे असते. म्हणजे त्याची पूर्ण क्षमता १८०० व्होल्ट-अँपिअर झाली, आणि दीर्घकाळ चालणारा भार त्याच्या ८० टक्क्यांतच ठेवायचा असा तिथला नियम असल्याने हाती १४४० उरतात. त्याच लाइनवर बैठकीच्या खोलीतले इतर सगळे सॉकेट असतात. वर काढलेला १८०० चा क्षणिक भार तिथे सर्किटच्या काठावर जाऊन बसतो.

आपल्याकडील १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट २३० व्होल्टवर ३६८० व्होल्ट-अँपिअर देऊ शकतो. तीच शक्ती घेताना आपल्या तारांमधून जवळपास निम्माच प्रवाह वाहतो, आणि तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती पाव होते. व्होल्टेजच्या बाबतीत आपण सुदैवी आहोत. वायरिंगच्या कारागिरीबाबत असे सरसकट म्हणवत नाही.

सबवूफरला छोटी पिन, म्हणजे ६ अँपिअरचा प्लग आला आहे. टीव्हीमागच्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर तो लावला तर चालेल का?

५००-६०० वॉटपर्यंतचा सबवूफर असेल आणि पॉइंट घट्ट असेल, तर चालेल. त्यापुढे मात्र थोडा विचार करावा.

पहिली गोष्ट अशी की, आपल्या घरांत ६ अँपिअरचा पॉइंट एकटा नसतो. दिवे, पंखे आणि हे छोटे पॉइंट एकाच लाइनवर गुंफलेले असतात. अशा लाइनवर दहापेक्षा जास्त पॉइंट आणि ८०० वॉटपेक्षा जास्त भार नसावा, असा आपल्या वायरिंगच्या मानकाचा जुना संकेत आहे. त्या लाइनला दीड एमएमची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर छेदाची), आणि जुन्या घरांत एक एमएमचीही, तार असते व डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या मुख्य वितरण पेटीत, ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारे स्विच) असतो. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, रिसीव्हर, राउटर आणि वर दोन पंखे असताना त्यात १००० वॉटचा सबवूफर घालणे तत्त्वाला धरून नाही, जरी प्रत्यक्षात एमसीबी पडला नाही तरी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सॉकेटच्या आतील पितळी पाती वर्षानुवर्षे प्लग घालून-काढून सैल होतात, किंवा मागचा स्क्रू पहिल्या दिवसापासूनच नीट आवळलेला नसतो. अशा सांध्याचा विरोध समजा एक ओहम झाला. त्यातून ८ अँपिअर वाहिले, तर त्या चिमुकल्या जागेत ६४ वॉट उष्णता तयार होते; म्हणजे दोन सोल्डरिंग आयर्न भिंतीतल्या बोर्डात चालू ठेवल्यासारखेच. सबवूफरची सरासरी कमी असल्याने तो एकटा हे करत नाही, पण त्याच बोर्डावर कोणी इस्त्री किंवा हीटर लावला की होते. माझ्या स्वतःच्या घरातल्या बोर्डाला मागून तपकिरी डाग पडला होता आणि दोष मी सहा महिने सबवूफरला देत होतो. दोषी निघाला तो दीड वर्षे कोणी न आवळलेला न्यूट्रलचा स्क्रू. प्लग काढल्यावर त्याची पिन हाताला गरम लागत असेल, बोर्डाजवळ जळकट वास येत असेल किंवा प्लग हलवला की आवाज कट होत असेल, तर सबवूफर दुरुस्तीला नेण्याआधी सॉकेट बदलून घ्यावे. त्याची किंमत एका सिनेमाच्या तिकिटाएवढीच असते.

तिसरे म्हणजे, ६ आणि १६ अँपिअरच्या दोन्ही पिना बसतील अशी जी सॉकेट सर्रास मिळतात, त्यांत छोटी पिन पुष्कळदा सैल बसते. तिथे चांगल्या दर्जाची, आयएसआय चिन्ह असलेली, पूर्ण जाडीच्या तारेची पॉवर कॉर्ड आणि १६ अँपिअरचा प्लग वापरलेला बरा.

मग स्वतंत्र लाइन केव्हा घ्यावी आणि इलेक्ट्रिशियनला नेमके काय सांगावे?

घराचे काम चालूच असेल, भिंती उघड्या असतील, तर विचार न करता घ्यावी, कारण त्या वेळी तिचा खर्च नगण्य असतो. राहत्या घरात एकूण अँप्लिफायर २००० वॉटच्या पुढे जात असतील, किंवा थिएटरचा पॉइंट एसी वा गीझरच्या लाइनवरून काढलेला असेल, तरच तोडफोड करावी. दीड टनाचा एसी आणि २००० वॉटचा गीझर हे प्रत्येकी ७ ते ९ अँपिअर घेतात. त्यांच्या लाइनवर बसून सबवूफरने कितीही सौम्यपणे वागायचे ठरवले तरी जागा उरत नाही.

सांगायचे ते असे: डीबीपासून थिएटरच्या बोर्डापर्यंत फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीनही तारा अखंड आणाव्यात, मधे कुठेही दुसरा पॉइंट काढू नये, तार तांब्याची, अडीच एमएमची आणि अंतर २० मीटरच्या पुढे असेल तर चार एमएमची असावी, डीबीत १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी बसवावा. बोर्डावर १६ अँपिअरची दोन सॉकेट पुरेशी होतात. ‘एमसीबी पडत होता म्हणून ३२ चा टाकून दिला’ असे अभिमानाने सांगणाऱ्या कारागिराला मात्र दारातूनच निरोप द्यावा: एमसीबी भिंतीतल्या तारेचे रक्षण करण्यासाठी असतो, आणि अडीच एमएमच्या तारेवर ३२ चा एमसीबी टाकणे म्हणजे तार जळेपर्यंत त्याला झोपवून ठेवणे होय.

सबवूफर चालू करताच एमसीबी पडतो. एकदा चालू झाला की कितीही आवाज करा, पडत नाही. हे काय आहे?

याला चालू होतानाचा झटका म्हणता येईल. अँप्लिफायरमधील मोठे कपॅसिटर रिकामे असतात आणि पहिल्या क्षणी ते जवळजवळ शॉर्ट सर्किटसारखे वागतात. जुन्या पद्धतीचा गोल, टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याच्या गाभ्याचे चुंबकत्व बसेपर्यंतचा प्रवाहही त्यात मिळतो. विजेच्या अर्ध्या आवर्तनापुरता, म्हणजे एका सेकंदाच्या शंभराव्या भागापुरता, हा प्रवाह कित्येक दहा अँपिअरवर जातो. बटण नेमके लाटेच्या कोणत्या बिंदूवर दाबले गेले यावर झटक्याचा आकार ठरतो. म्हणूनच तो कधी होतो, कधी होत नाही, आणि इलेक्ट्रिशियन आला की हमखास होत नाही.

एमसीबीच्या आत दोन यंत्रणा असतात. सावकाश तापणारी द्विधातूची पट्टी जादा भार ओळखते: ठरलेल्या प्रवाहाच्या १.१३ पटीवर ती तासभर पडत नाही आणि १.४५ पटीवर तासाच्या आत पडलीच पाहिजे. दुसरी चुंबकीय यंत्रणा मोठ्या प्रवाहावर तत्काळ पाडते. बी प्रकारात ही मर्यादा ३ ते ५ पट, सी प्रकारात ५ ते १० पट आणि डी प्रकारात १० ते २० पट असते. ६ अँपिअरचा बी प्रकारचा एमसीबी त्यामुळे १८ अँपिअरलाही पडू शकतो, तर १६ अँपिअरचा सी प्रकारचा ८० अँपिअरपर्यंत पडत नाही. उपाय यातूनच निघतो: तारेची जाडी तपासून, तिला झेपेल तेवढ्याच अँपिअरचा पण सी प्रकारचा एमसीबी बसवावा. डी प्रकार घरात सहसा लागत नाही, आणि तो बसवण्याआधी शॉर्ट सर्किट झाल्यास त्याला पाडण्याइतका प्रवाह त्या लाइनवर वाहू शकेल का, हे मोजावे लागते.

चांगल्या अँप्लिफायरमध्ये हा झटका आवरण्यासाठी थर्मिस्टर आणि रिले बसवलेले असतात. चालू केल्यावर सेकंदभराने ‘टक्’ असा आवाज येतो तो त्याचाच. पूर्वी न पडणारा एमसीबी अलीकडेच पडू लागला असेल आणि तो ‘टक्’ ऐकू येईनासा झाला असेल, तर खराबी लाइनमध्ये नसून अँप्लिफायरमध्ये शोधावी. दोन-तीन उपकरणे असतील तर ती एकाच बटणावर एकदम चालू न करता एकामागून एक करावीत.

बास वाजला की दिवे मिणमिणतात. लाइन कमी पडते आहे का?

थोडेसे, लक्ष देऊन पाहिले तरच दिसणारे मिणमिणणे निरुपद्रवी असते. दीड एमएमच्या २० मीटर लांब लाइनचा जाऊन-येऊन विरोध अर्ध्या ओहमच्या जवळ असतो; ८ अँपिअरचा ठोका बसला की त्यावर ४ व्होल्ट पडतात, आणि स्वस्त एलईडी दिव्याला तेवढे पुरते. सबवूफर दिव्यांपासून वेगळ्या लाइनवर गेला की हे बहुधा थांबते.

संपूर्ण घराचे, अगदी स्वयंपाकघरातलेही, दिवे ठोक्याबरोबर मंद होत असतील किंवा काही दिवे मंद आणि काही प्रखर होत असतील, तर ते प्रकरण निराळे आहे. दोष मीटरजवळच्या सांध्यात किंवा न्यूट्रलमध्ये असण्याची दाट शक्यता असते आणि तिथे उद्यापर्यंत थांबू नये.

सतत ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो. अर्थची पिन काढली की थांबतो. तशीच काढून ठेवावी का?

कदापि नाही. तीन पिनांचे उपकरण हे अर्थ मिळेल असे गृहीत धरून बांधलेले असते. आतील फेजची तार कधी धातूच्या पाठीला टेकली, तर एमसीबी किंवा आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पडणारे स्विच) पाडण्याचा मार्ग तीच पिन देते. ती काढली तर सबवूफरची पाठ आणि सिग्नलच्या तारेने जोडलेला रिसीव्हर, दोन्ही जिवंत होतात, आणि हे कोणाच्या तरी हाताला लागेपर्यंत समजत नाही.

पिन काढल्यावर आवाज थांबतो, यातून निदान मात्र पक्के होते: अर्थचे दोन मार्ग होऊन त्यांचे वेटोळे तयार झाले आहे आणि त्यातून वाहणारा किंचित प्रवाह सिग्नलच्या तारेच्या जाळीवरून सबवूफरमध्ये शिरतो आहे. आपल्याकडे दुसरा मार्ग बहुतेक वेळा केबल टीव्हीच्या किंवा छतावरील डिशच्या कोअॅक्सियल तारेतून आलेला असतो. ती तार सेट-टॉप बॉक्समधून उपसून पाहावी. आवाज गेला तर त्या तारेत आयसोलेटर बसवावा. गेला नाही तर रिसीव्हर आणि सबवूफर एकाच बोर्डावर आणावेत. तेही शक्य नसेल तर दोघांमधील सिग्नलच्या तारेत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा, तो खालच्या वारंवारता नीट देतो की नाही हे पाहून. वेटोळे तोडायचे ते सिग्नलच्या बाजूला, विजेच्या बाजूला नव्हे.

घराला तीन फेज असतील तर आणखी एक पथ्य आहे: रिसीव्हर, प्रोजेक्टर आणि सर्व सबवूफर एकाच फेजवर ठेवावेत. दोन फेजांमध्ये ४०० व्होल्टचे अंतर असते आणि तारांनी परस्परांना जोडलेली उपकरणे त्या अंतराच्या दोन बाजूंना असू नयेत.

एमसीबी नाही, पण आरसीसीबी पडतो. असे का?

आरसीसीबी भार मोजत नाही. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत आला की नाही, एवढेच पाहतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो, आणि मानकानुसार तो १५ च्या पुढे केव्हाही पडू शकतो. अँप्लिफायर, संगणक, टीव्ही यांच्या पॉवर सप्लायमधील फिल्टर प्रत्येकी मिलिअँपिअर-दोन मिलिअँपिअर अर्थमध्ये सोडतच असतात. त्यात पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीची गळती मिळाली की मर्यादा ओलांडली जाते. आरसीसीबी काढून टाकणे हा उपाय नाही. संपूर्ण घराला एकच असेल तर लाइनी दोन आरसीसीबींवर विभागाव्यात.

एक्स्टेंशन बोर्ड वापरला तर?

सबवूफर भिंतीतल्या सॉकेटवर थेट लावावा. नाइलाज असेल तर बोर्डाची तार किमान दीड एमएमची असावी, ती गुंडाळून गालिच्याखाली दाबू नये, आणि त्यावर दुसरे जड काही लावू नये.

स्टॅबिलायझर घ्यावा का?

बहुतेक आधुनिक सबवूफरना नको. १००–२४० व्होल्टवर चालणारा पॉवर सप्लाय चढउतार स्वतःच सोसतो, आणि रिले प्रकारचा स्वस्त स्टॅबिलायझर ठोक्याच्या वेळी टप्पे बदलत बसल्याने उलट खटखट वाढते. ग्रामीण भागात शेतीपंप चालू झाल्यावर व्होल्टेज १८० पर्यंत उतरत असेल आणि अँप्लिफायर ट्रान्सफॉर्मरचा असेल, तर कमाल भाराच्या दीडपट क्षमतेचा सर्व्हो स्टॅबिलायझर उपयोगी पडतो.

खरे भय कमी व्होल्टेजचे नाही. इमारतीचा तीन फेजांचा सामाईक न्यूट्रल तुटला, तर ज्या फेजवर भार कमी त्या घरात २३० च्या जागी ३०० हून अधिक व्होल्ट येऊ शकतात, आणि स्टँडबायवर पडलेला सबवूफरही त्यात जातो. एमसीबीला याचे काहीच वाटत नाही, कारण व्होल्टेज पाहणे त्याचे काम नव्हे. यासाठी डीबीत जादा व्होल्टेजवर लाइन तोडणारा रिले बसवावा. विजेच्या कडकडाटासाठी असलेले सर्ज रोधक हे वेगळे उपकरण आहे. ते सेकंदाच्या सूक्ष्म भागापुरते काम करते आणि अर्थिंग चांगले असेल तरच करते. वळवाच्या दिवसांत सर्वांत भरवशाचे संरक्षण म्हणजे प्लग उपसून ठेवणे, आणि त्याबरोबर डिशची तारही.

इन्व्हर्टरवर चालवता येईल का?

चालवू नये. टीव्हीमागचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का, हे मात्र आधी तपासावे. पुष्कळ घरांत तो असतो.

घर जुने आहे. लाकडी पट्टीतून गेलेल्या तारा आणि पोर्सेलीनचे फ्यूज आहेत. काय करावे?

अशा घरांत अॅल्युमिनियमच्या तारा असण्याचा संभव असतो. अॅल्युमिनियम स्क्रूखाली दबत जाते, त्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि सांधा वर्षागणिक सैल होतो. शिवाय या घरांत अर्थची तार सॉकेटपर्यंत पोहोचलेलीच नसते, तिसरे भोक केवळ शोभेचे असते. सबवूफरच्या निमित्ताने का होईना, मीटरपासून एक नवी तांब्याची लाइन, अर्थसह आणि तिच्या स्वतःच्या एमसीबी-आरसीसीबीसह, ओढून घ्यावी. जुन्या फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळून वेळ मारून नेऊ नये.

अमेरिकेहून भावाने सबवूफर आणला आहे. अॅडॉप्टर लावून चालेल का?

मागची पट्टी वाचावी. १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे लिहिले असेल तर फक्त प्लग बदलावा लागेल. व्होल्टेज निवडण्याचे बटण असेल तर ते २३० वर करून फ्यूजही पट्टीवर सांगितलेल्या अँपिअरचा घालावा. केवळ १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल तर अॅडॉप्टर लावताच तो धूर सोडेल. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण १००० वॉटच्या सबवूफरला तो २००० व्होल्ट-अँपिअरचा लागतो, आणि वारंवारता तर त्याने बदलत नाही. ६० हर्ट्झसाठी बेतून बांधलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात ५० हर्ट्झवर २० टक्के जास्त चुंबकीय प्रवाह वाहतो. तो गुणगुणतो आणि तापतो. त्या वजनाच्या आणि खर्चाच्या बेरजेत इथे नवा सबवूफर येतो.

दोन सबवूफर लावले तर भार दुप्पट होईल ना?

आवाज तेवढाच ठेवला तर नाही. दोन सबवूफर जवळजवळ ठेवून एकत्र वाजवले की तोच आवाज मिळवायला प्रत्येकाला पूर्वीच्या पाव शक्तीच पुरते. म्हणजे एकूण भार निम्मा होतो. भार वाढतो तो आवाज वाढवल्यामुळे, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला दहापट शक्ती लागते.

विजेच्या बिलावर किती फरक पडेल?

अडीच तासांच्या चित्रपटाला अर्धे युनिट. चोवीस तास चालू ठेवलेला सबवूफर काही न वाजवता २० वॉट घेत असेल, तर महिन्याला १४ युनिटे होतात. म्हणजे रोज एक चित्रपट पाहणाऱ्याच्या घरीही नुसते चालू राहण्याचा खर्च वाजण्याइतकाच होतो. मागचे बटण ‘ऑटो’वर ठेवावे, आणि सुट्टीवर जाताना प्लग काढावा.